पाचवा पट्टा कुठे गेला?

प्रश्न : दोन फटींच्या प्रयोगात लाल लेझरचे तेजस्वी पट्टे पडद्यावर समान अंतराने दिसले, मात्र मधल्या पट्ट्यापासून दोन्ही बाजूंचा पाचवा पट्टा उमटलाच नाही. पट्ट्यांमधील अंतराच्या सूत्रात फटीची रुंदी कुठेच येत नाही. मग हे कशामुळे घडते?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि सूत्रही बरोबर आहे; फक्त ते सूत्र पट्टे कुठे पडावेत एवढेच सांगते, त्या जागी प्रकाश किती पोहोचेल हे सांगत नाही. फटी अतिशय अरुंद आहेत हे त्यामागचे गृहीतक शिकवताना एका वाक्यात उरकले जाते, याची मला खंत वाटते, कारण प्रयोगाचे खरे सौंदर्य तिथेच आहे.

लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, पडदा २ मीटर दूर, फटींमधील अंतर ०.२५ मिलिमीटर आणि प्रत्येक फटीची रुंदी ०.०५ मिलिमीटर आहे असे समजू. (हे अंतर एका फटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत मोजायचे असते, आतल्या कडांमधील अंतर घेतल्यास हिशेब चुकतो.) तरंगलांबीला पडद्याच्या अंतराने गुणून फटींमधील अंतराने भागले की लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतर ५.२ मिलिमीटर येते. फटी एकमेकींपासून दुप्पट दूर नेल्यास ते २.६ मिलिमीटर होईल.

आता एकाच फटीचा विचार करू. ज्या दिशेला फटीच्या दोन कडांपासून निघालेल्या प्रकाशाच्या मार्गांत बरोबर एका तरंगलांबीचा फरक पडतो, त्या दिशेला फटीच्या वरच्या अर्ध्या भागातील प्रत्येक बिंदूपासून आलेली लहर खालच्या अर्ध्या भागातील जोडीदार बिंदूच्या लहरीला नाहीशी करते, आणि ती फट तिकडे प्रकाशच पाठवत नाही. वरील मापांत ही जागा मध्यापासून २६ मिलिमीटरवर येते, आणि पाचवा पट्टाही ५.२ च्या पाचपट, म्हणजे नेमका तिथेच पडायला हवा होता. दोन्ही फटींचे व्यतिकरण, म्हणजे त्यांच्या लहरींचे एकमेकींत मिसळणे, तिथे तेजस्वी पट्टा मागते, पण जुळवायला प्रकाशच शिल्लक नसतो. फटींमधील अंतर रुंदीच्या पाचपट असल्याचा हा परिणाम आहे.

फटीतून जाताना प्रकाश पसरतो (यालाच विवर्तन म्हणतात) आणि दोन्ही बाजूंच्या या काळ्या जागांच्या मध्ये एक रुंद उजळ भाग तयार होतो; फटी रुंद केल्यास तो आक्रसतो : रुंदी ०.१ मिलिमीटर झाली, तर तो ५२ ऐवजी २६ मिलिमीटर उरतो आणि त्यात नऊऐवजी पाचच पट्टे मावतात, जरी मधला पट्टा पूर्वीपेक्षा बराच प्रखर होतो. पट्ट्यांमधील अंतर मात्र ५.२ मिलिमीटरच राहते.

याची खात्री करण्यासाठी लेझर न हलवता एक फट झाका. बारीक पट्टे लगेच नाहीसे होतील, रुंद उजळ भाग मंद होऊन जागच्या जागी राहील, आणि पाचव्या पट्ट्याची जागा आधीसारखीच काळी दिसेल.