तालुक्याच्या साप्ताहिकाचा खर्च जाहिरातींशिवाय निघेल का?

निघू शकतो, पण वर्गणी घरोघरी जाऊन आणि कापसाच्या हंगामात मागितली तरच. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाचा हिशेब मी बघतो, त्यावरून सांगतो. जूनमध्ये शेतकऱ्याचा सगळा पैसा बी-बियाण्यात गेलेला असतो. तेव्हा मागून उपयोग नाही. दिवाळीनंतर कापूस विकून चुकारा हाती आला की तोच माणूस वर्षाची वर्गणी एकदम देतो. अर्थात, अंकात त्याच्या कामाचं काही हवं: बाजार समितीत खरोखर मिळालेला भाव, पीकविमा कुणाचा अडकला आणि का, ग्रामसभेत काय ठरलं.

वार्ताहराला मात्र जाहिरातीच्या कमिशनवर ठेवू नका, मानधन कमी असलं तरी ठरावीक द्या. १५ ऑगस्टची शुभेच्छा जाहिरात ज्या सरपंचाकडून आणली, त्याच्याच घरकुल यादीतला घोळ तो लिहिणार कसा? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

परदेशी देणगीचा विचार असेल तर सोडून द्या. परकीय योगदान नियमन कायदा, २०१० नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राच्या मालकाला, संपादकाला, वार्ताहराला ती घेताच येत नाही.