हाफ तिकिटाच्या आधीची वर्षं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा कँटीनमध्ये तू म्हणालास, "काका, मुक्कामाची गाडी करून सकाळी घरी पोचतो, अंग नुसतं आंबलेलं असतं, आणि पोरगी शर्ट धरून 'खेळ ना, खेळ ना' करते. शेवटी मोबाइल देतो हातात." तेव्हा मी काही बोललो नाही. तुझी गाडी लागली होती आणि डबल बेल व्हायच्या आत सांगून संपेल असं हे नव्हतं. म्हणून लिहितोय.

आपल्या एसटीत पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही. पाच ते बारा हाफ, पुढे फुल. (2023 पासून बायकांनाही हाफ झालंय, त्यामुळे तुझ्या मशीनमधून निम्मी गाडी हाफच निघत असेल.) एकतीस वर्षं मी हा नियम लोकांना ऐकवला. दणकट पोराची आई "साडेचार पूर्ण" म्हणून सांगायची, आणि पोरगा ताठ होऊन म्हणायचा, "खोटं! मी पहिलीत आहे." अख्खी गाडी हसायची. पण फुकटातल्या पोराला मांडीवर घ्यावं लागतं, याचा मी स्वतःच्या घराशी कधी संबंध लावला नाही. तुझी मोठी आता साडेतीनची. हिशेब तुला जमतो, मी कशाला मांडू?

माझी लेक चार वर्षांची होती तेव्हा आमच्या घरातला दिवाण म्हणजे वाई–पाचगणी गाडी होती. कंडक्टर ती. गळ्यात माझी फाटकी पिशवी, हातात पोळ्यांचा चिमटा. आमच्या वेळी मशीन नव्हतं. तिकिटांचा ट्रे आणि पंच असायचा, आणि तो लोखंडी दांड्यावर टकटक वाजवत आम्ही गर्दीतून पुढे सरकायचो. ती चिमटा दिवाणाच्या कडेवर तसाच वाजवायची, अगदी त्याच ठेक्यात. प्रवासी म्हणजे एक बाहुली, दोन उशा आणि मी. पसरणी घाट लागला की हुकूम सुटायचा, "बाबा, आता तू उलटी कर." मी खिडकीतून, म्हणजे दिवाणाच्या कडेवरून, मान खाली टाकून उलटी करायची. नीट झाली नाही तर पुन्हा. मग ती मला लिंबू हुंगायला द्यायची आणि उशीला दटावायची, "सरकून बसा जरा, आजारी माणूस आहे."

खरं सांगू? कंटाळा यायचा. पोरांचे खेळ गोड असतात हे बघणाऱ्याला. खेळणाऱ्याला तोच घाट, तीच उलटी आणि तेच लिंबू सोळा वेळा करावं लागतं, तेही रात्रभर गाडीत बाकावर पाठ टेकून आल्यावर. त्यामुळे तुला कंटाळा येतो म्हणून तू वाईट बाप ठरत नाहीस, एवढं आधी डोक्यातून काढ. मी चलाखी करायचो. "गाडी पंक्चर झाली, कंडक्टर, आता तासभर सगळे झोपा," असं म्हणून डोळे मिटायचो. ती खरोखर तासभर टायर बदलत बसायची.

एकदा मात्र मी पंक्चरसुद्धा केलं नाही. डबल ड्यूटी करून आलो होतो, डोकं ठणकत होतं. ती पिशवी अडकवून तयारच उभी. मी म्हणालो, "आज गाडी रद्द." रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. दिवाणाकडे वळली आणि बाहुलीला, उशांना एकेक करून सांगितलं, "रद्द आहे. घरी जा. मला विचारू नका, कंट्रोलरला विचारा." आवाज हुबेहूब माझा. स्टँडवर मी लोकांशी असा बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं. कंट्रोलरला ती 'कंटाळर' म्हणायची. तिचा एवढा एकच बोबडा शब्द आठवतो. बाकीचे गेले.

तुला सांगायचंय ते हेच. मागच्या दिवाळीत मी तिला विचारलं, दिवाणाची गाडी आठवते का? ती आता सदतीस वर्षांची आहे. म्हणाली, "नाही हो बाबा, पिशवी होती एवढं आठवतंय, तेही फोटोमुळे असेल." तिची चूक नाही. मानसशास्त्र शिकवणारे सांगतात की मोठ्या माणसाची सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते, आणि त्यापुढची दोन-तीन वर्षंही विरळच उरतात. म्हणजे आज सकाळी तुझी पोरगी तुला जे काही बोलली, ते तिच्याजवळ राहणार नाही. राहिलं तर तुझ्याजवळ. मी एकतीस वर्षं प्रत्येक फेरीचं वेबिल लिहिलं. कुठल्या टप्प्याला किती तिकिटं गेली, शेवटचा नंबर कोणता, पैशापैशाचा मेळ. घरातल्या गाडीचं एक ओळही वेबिल नाही.

म्हणून एक वही कर. दहा रुपयांची चालेल. ती काय म्हणाली ते तारीख टाकून तिच्याच शब्दांत लिहायचं, बोबडं असेल तर बोबडंच. सुधारून लिहिशील तर काही उपयोग नाही. रोज नको, आठवड्यातून दोन ओळी पुरे. मुक्कामाच्या गावी रात्री तुला वेळ असतोच.

मोबाइलवर शूटिंग करतोस, ते मी पाहिलं. कँटीनमध्ये तू मला दहा-बारा व्हिडिओ दाखवलेस. एकातही तू नाहीस, मागून तुझा आवाज तेवढा येतो, "परत कर, परत कर." ती गाणं म्हणता म्हणता थांबून मोबाइलकडे बघते, तू पाहिलंयस का? आणि तिच्या हातात मोबाइल द्यायचा तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त तासभर, कमी तर आणखी बरं. सकाळी तू झोपतोस तेवढ्यात तो तास कधीच उलटून जातो.

घरी गेलास की लगेच खेळायला बसू नकोस. आधी आंघोळ, चहा, आणि तिला स्पष्ट सांग, "गाडी आठ वाजता सुटेल." पोरांना वेळ कळत नाही, पण शब्द पाळला की नाही ते बरोबर कळतं. मग वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मालकीण ती. मी तिथंच शहाणपणा करायचो. "पाच रुपयांचं तिकीट, मी दहा दिले, परत किती?" एकदा तिने चिमटा रोखून सांगितलं, "प्रवाशांनी बोलू नये." तेव्हापासून गणित बंद. आणि तेवढा वेळ सूनबाईला नुसती बसू दे. "तू खेळव, तोवर मी भांडी घासते," असं ती म्हणेल. घासू देऊ नकोस.

धाकटा आठ महिन्यांचा ना? त्याच्याशी बुवा-कुक खेळ. तोंडावर टॉवेल टाकला तरी बाप त्याच्या मागे असतोच, हे याच वयात त्यांना कळायला लागतं, म्हणून टॉवेल काढला की एवढे खिदळतात. तू संध्याकाळी जोर गावच्या मुक्कामाला जातोस आणि सकाळी दारात उभा राहतोस, त्याच्या लेखी तेही बुवा-कुकच. फक्त टॉवेल जरा मोठा.

तुझा मुक्काम गुरुवारी संपतो असं ऐकलं. शुक्रवारी सकाळी मी तुमच्याकडे येतो. पोरीला सांग, एक म्हातारा प्रवासी येणार आहे, त्याला खिडकीची जागा ठेव, घाटात त्याला खरोखरच मळमळतं. माझं आता ज्येष्ठ नागरिक म्हणून हाफ आहे, पण ती फुल मागेल तर देईन. सुटे घेऊन येतो.

तुझा,
काका