वाचकांच्या शंका : पन्नासाव्या पानावर पुस्तक का सुटतं?

प्रश्न (चोपडा) : कौटुंबिक कादंबरी हौसेने आणते. पण सुरुवातीलाच इतकी माणसं येतात की कोण कुणाची नणंद ते लक्षात राहत नाही. पुस्तक तसंच परत जातं.

उत्तर : ताई, रोज झोपताना पाच-सहा पानं आणि मधे दोन दिवस खाडा, असं वाचन होत असेल तर हेच होणार. लेखक ज्या पानांत घर उभं करतो, नेमकी तीच तुटक वाचली जातात. पहिली पन्नास पानं लागोपाठच्या दोन दिवसांत, दोन बैठकांत संपवा. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडवत नाही, तो वेळ यासाठी उत्तम. पुढे रोज दहा पानं वाचलीत तरी धागा सुटत नाही.

खूण म्हणून पोस्टकार्डाएवढा कागद ठेवा. वर थोरली पिढी, खाली मुलं-सुना, आणि कुणाला कोण काय हाक मारतं तेही लिहा. नात्यांपेक्षा हाकांनीच जास्त गोंधळ होतो. आपल्याकडे एकच माणूस घरात जिभाऊ, भावकीत आबा आणि सातबाऱ्यावर तिसराच असतो, कादंबरीतही तसंच. पेन्सिल वापरा, नाती पुढे बदलतात. इंटरनेटवरचा तयार वंशवृक्ष मात्र पाहू नका, कुणाचं लग्न मोडणार ते त्यात आधीच कळतं.

प्रश्न (शिरपूर) : प्रेमकथांमधली पात्रं रडतात खूप, पण भिडत नाहीत. पुस्तक निवडताना कसं ओळखायचं?

उत्तर : मधलं एखादं भांडण काढा आणि नावं बोटाने झाकून संवाद वाचा. कोण बोलतंय ते कळत नसेल तर पुस्तक खाली ठेवा. दोघांमधला गैरसमज एका फोनने मिटण्यासारखा असूनही दोनशे पानं ताणला असेल, तरीही खालीच ठेवा. सासूला, धाकट्या जावेला, नकार मिळालेल्या मुलाला स्वतःचं काही हवं आहे का, हेही बघा. नुसती आडवी येण्यासाठी आणलेली माणसं कथा पोकळ करतात.

सगळ्यात खात्रीची खूण आपल्या भाषेतच आहे. ‘तुम्ही’चं ‘तू’ कोणत्या पानावर होतं, आणि रागात पुन्हा ‘तुम्ही’ कधी येतं? चांगला लेखक तिथे प्रेमाचा उच्चारही करत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे अनुवादात हा बदल अनुवादकाने ठरवलेला असतो. तो प्रसंगाच्या मध्येच विनाकारण झाला, तर अनुवाद कच्चा समजा. अहिराणी संवाद असतील तर आणखी कान द्या. घरात ‘आंडोर’, ‘आंडेर’ म्हणणारी आई पाहुण्यांसमोर ‘मुलगा’, ‘मुलगी’ म्हणू लागली, तर तिचा संकोच तेवढ्यातच कळतो.

प्रश्न (नंदुरबार) : नवीन लेखकाचं पुस्तक विकत घ्यायला मन धजत नाही.

उत्तर : आधी त्याची एक कथा दिवाळी अंकात वाचा, वाचनालयात जुने अंकही असतात. कथा आवडली तर ग्रंथपालांकडे पुस्तकाची मागणी नोंदवा, शीर्षक, लेखक आणि प्रकाशक तिन्ही लिहून. नुसतं ‘नवीन कादंबऱ्या आणा’ म्हटलं तर काय आणायचं ते त्यांनाही कळत नाही.