इंजिन नंतर, आधी गटारं

तुमचा प्रश्न असा: रेल्वेचा बारा किलोमीटरचा बंद शाखामार्ग पुन्हा सुरू करायचाय, कामाला तयार चाळीस जण, आणि एक वाफेचं इंजिन जवळपास फुकटात मिळतंय. ते आधी घेऊन टाकावं का?

घेऊ नका. आम्ही घेतलं होतं. फोटो झकास आले, देणग्याही आल्या. पण शेड नव्हती. ताडपत्रीखाली ते नऊ वर्षं उभं राहिलं आणि रूळ तयार झाले तोवर बॉयलरच्या नळ्यांची चाळण झाली होती. वर बॉयलरभोवतीच्या जुन्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस निघालं. ते काढायला त्यातली जाणकार माणसं बोलवावी लागली. आधी कळस मग पाया, दुसरं काय.

बंद पडलेल्या मार्गाची वाट पाणी लावतं. गंजलेला रूळ बरेचदा दिसतो तितका वाईट नसतो. रुळांखालच्या खडीचं मात्र तसं नाही. ती चाकांचा भार पसरवते आणि पावसाचं पाणी खाली सोडते. पाचोळा कुजून, माती वाहून येऊन ती बुजली की पाणी अडतं, आणि पाठोपाठ भार पेलणंही जातं. मग कितीही पॅकिंग करा, म्हणजे खाली खडी ठासा, गाडी गेली की स्लीपर (रुळांखालचा आडवा आधार) दबतो, चिखल पिचकारीसारखा वर येतो आणि थोड्याच दिवसांत रूळ पुन्हा बसलेला.

म्हणून पहिली पाहणी भर पावसात करा. पाणी कुठे तुंबतं, भरावातून कुठे झिरपतं, मार्गाखालून पाणी नेणारी कोणती मोरी कोरडी आहे, सगळं लिहून घ्या. धो धो पावसात कोरडी राहणारी मोरी म्हणजे पाण्याने दुसरी वाट शोधली आहे, बहुधा भरावाच्या पोटातून. गटारं नेहमी खालच्या तोंडापासून वर साफ करत जा. वरून सुरुवात केलीत तर सगळा गाळ खाली जाऊन बसतो आणि पाणी तुमच्याच पायाशी. कटिंगच्या, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेच्या माथ्यावर, काठापासून जरा मागे, बहुतेक ठिकाणी एक चर असतो. वरचं पाणी उतारावर येण्याआधीच तो वळवतो. झुडपांत तो दिसतही नाही. आम्हाला सापडायला तीन वर्षं लागली. तोवर आम्ही दर पावसाळ्यानंतर खालची तीच दरड उपसत होतो.

भरावावरची झाडं जमिनीलगत कापा, बुंधे उपटू नका. उपटलेल्या बुंध्याबरोबर उताराचा लचका निघतो. (यंत्र लावून उपटायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता.)

रुळांकडे वळाल तेव्हा फिशप्लेट (दोन रूळ सांध्यावर जोडणारी पट्टी) काढून बोल्टच्या भोकांभोवती तडे आहेत का ते बघा. सांधा बंद असताना ते दिसत नाहीत. सांध्यातली फट तापमान बघूनच ठेवा. तेरा मीटरचा रूळ तीस अंशांच्या फरकाने जवळपास पाच मिलिमीटर वाढतो. आमच्या एका तुकडीने थंडीत रूळ अगदी चिकटवून बसवले, काम फार नेटकं दिसत होतं. उन्हाळ्यात तो तुकडा सापासारखा वाकला.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतरही प्रत्यक्ष मोजा, कागदावरचा आकडा धरू नका. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, जगात असं पहिल्यांदाच घडलं. त्यांनी दुसऱ्या एका बंद मार्गाची दोन इंजिनं आणली, गेज तेच, २ फूट ३ इंच. त्यातलं एक वारंवार घसरू लागलं. वळणांवर अडकू नये म्हणून तिथले रूळ मुळातच किंचित रुंद टाकलेले, आणि आलेल्या इंजिनाच्या चाकांची धाव (रुळावर टेकणारा पट्टा) अरुंद. घरची जुनी इंजिनं रुंद धावेमुळे निभावून नेत होती.

जमीन, पूल आणि मोऱ्या नक्की कुणाच्या नावावर आहेत ते आधी लेखी घ्या. जुने कागद कंटाळवाणे वाटतात, पण इंग्लंडमधल्या ब्लूबेल मार्गाचं उदाहरण बघा. तो १९५५ मध्ये बंद केला गेला. १८७७ च्या मूळ कायद्यात रोज चार गाड्या सोडण्याचं बंधन आहे हे एका रहिवासी बाईंनी शोधून काढलं आणि १९५६ मध्ये गाड्या पुन्हा सोडाव्या लागल्या. १९५८ मध्ये त्या परत थांबल्या, तो भाग वेगळा.

आता माणसं. चाळीसातले सहा-सात नियमित येतील असं धरा. बारा किलोमीटर एकदम हाती घेतलेत तर ते सहाही थकतील. स्टेशनलगतचा एखादा किलोमीटर निवडा आणि तेवढा पूर्ण करा. वेल्समधल्याच फेस्टिनिऑग रेल्वेच्या स्वयंसेवकांनी १९५५ मध्ये एका बांधावरच्या सुमारे दीड किलोमीटरवर गाडी सुरू केली. पुढे जलविद्युत प्रकल्पाच्या तलावात त्यांचा जुना मार्ग बुडाला, तेव्हा वळसा घालून नवा मार्ग स्वतः खोदला आणि १९८२ मध्ये शेवटचं स्टेशन गाठलं. मधली सगळी वर्षं त्यांच्याकडे धावणारी गाडी होती. नवा माणूस गाडीत बसायला येतो आणि फावडं घेऊन राहतो. गटार उपसायचं आहे असं सांगून फारसं कुणी येत नाही.

त्या किलोमीटरसाठी शंटिंगचं, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायचं छोटं डिझेल इंजिन पुरतं. खडी तेच ओढेल, आणि डबा मिळाला तर तोही. वाफेच्या इंजिनाच्या मालकाला सरळ नाही म्हणू नका. आणखी काही वर्षं ते स्वतःच्या छपराखाली ठेवाल का, एवढं विचारा. नाही म्हणाला, तर सोडून द्या.