पडलेल्या फणसाची होडी करावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शापोरा नदीकाठी घर आहे. आजोबांच्या वेळचा परसातला फणस जूनच्या वाऱ्यात मुळासकट आडवा झाला. खोड सरळ आहे, म्हणून त्यातून सोळा फुटी होडी काढावी असं मनात आलंय. पण मेस्त, म्हणजे होडी बांधणारा सुतार, म्हणतो, "पडलेल्या झाडाची होडी पडतेच." मामांचं म्हणणं, होडीचं लाकूड अमावास्येलाच तोडलेलं हवं आणि हे तर ऐन शुक्लपक्षात पडलं. यात तथ्य किती, एवढंच तुम्ही विचारलंत.

होडी करता येईल. पण खोडाची दोन्ही टोकं कापून बघितल्याशिवाय इसार देऊ नका, आणि मेस्ताला अडाणीही म्हणू नका.

मी मूळचा पेडण्याचा. गेली तीसेक वर्षं मांडवी-जुवारीत लाकडाच्या होड्या घेणं, दुरुस्त करणं आणि अधूनमधून बुडवणं हा माझा उद्योग. "प्रत्येक समजुतीमागे शास्त्र असतं" असं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो, आणि सगळं थोतांड म्हणून मोकळं होणाऱ्यांचाही. काही समजुती लाकडाबद्दल असतात, काही माणसांबद्दल. कुठली कशाबद्दल ते आधी बघावं लागतं.

मेस्ताची समजूत लाकडाबद्दलची आहे. झाड उगाच पडत नाही. बऱ्याचदा मुळं आतून कुजलेली असतात आणि ती कूज खोडाच्या मध्यातून हात-दोन हात वर चढलेली असते, बाहेरून साल मात्र ठणठणीत. मुळं चांगली असली तर दुसरा धोका. वाऱ्यात खोड वाकतं तेव्हा वाकलेल्या अंगाचे तंतू चेपतात. त्या चेपलेल्या जागी केसाएवढी बारीक आडवी रेघ पडते. झाड उभं असेपर्यंत तिचं काही बिघडत नाही. फळी काढलीत, ताण दिलात की नेमकी तिथेच मोडते.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. सुरुवातीच्या दिवसांत वादळात पडलेल्या सुरूची डोलकाठी मी फुकट मिळाली म्हणून हौसेने बसवली होती. आग्वाद किल्ल्याच्या समोर, वारा म्हणावा तर फडकं हलेल एवढाच, आणि काठी कट्कन मोडून शिडासकट पाण्यात. नीट मोडलेल्या लाकडाला लांब कुसळं निघतात. ही काठी भाकरी मोडावी तशी मोडली होती, तोंड बोथट, कुसळ नावाला नाही. उरलेला तुकडा घरी आणून रंधला तर त्यावर आणखी तीन रेघा सापडल्या. रंधा मी बसवण्याआधी मारला असता तर शीड वाचलं असतं.

तेव्हा तुम्ही असं करा. बुंध्याकडचा हातभर तुकडा कापून टाका आणि कापलेल्या तोंडावर पाणी मारा. मधोमध काळपट वर्तुळ किंवा भुसभुशीत गर दिसला तर तो संपेपर्यंत आणखी कापत जा. मग वाकसाच्या (लाकूड तासायच्या हत्याराच्या) पाठीने खोड टोकापासून टोकापर्यंत वाजवत चला. आवाज टणक असला तर ठीक, ढब्ब आला तिथे खडूने खूण करा. शेवटी एक बाजू तासून, ओल्या फडक्याने पुसून, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा. आडव्या रेघा असतील तर याच उजेडात दिसतात, दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. एवढ्यातून पार पडलं तर मेस्ताची शंका फिटली म्हणायची, आणि बहुतेक तोच आधी हो म्हणेल.

फणस होडीला चांगलाच. पिवळा गाभा पाण्यात टिकतो, कालांतराने तांबूस होतो. कडेचं पांढरट लाकूड मात्र निर्दयपणे काढून टाका, कीड तिथूनच शिरते. केरळात समुद्रावरच्या होड्यांसाठी ज्या आंजिलीचं एवढं नाव आहे ती याच घराण्यातली, आपण तिला पाटफणस म्हणतो. बरगड्यांना उंडीच्या नैसर्गिक वळणाच्या फांद्या मिळाल्या तर सोनं. वाकण झाडावरच तयार झालेली असते, म्हणून तंतू कुठे तुटत नाहीत. कण्याला, म्हणजे पठाणाला, सागवान नाही परवडलं तर ऐन बघा. आपल्या गोव्याचा राज्यवृक्ष माट तो हाच. जड आहे, रंधायला त्रास देतो, पण बुडाला जडच हवं.

इथे एक जुना वाद येतो. अकराव्या शतकातल्या राजा भोजाच्या नावावर 'युक्तिकल्पतरु' नावाचा ग्रंथ आहे. त्यात लाकडांचेही चार वर्ण केलेत. हलकं, मऊ, सहज जुळणारं ते ब्राह्मण. हलकं पण घट्ट, सहज न जुळणारं ते क्षत्रिय. मऊ आणि जड ते वैश्य, घट्ट आणि जड ते शूद्र. क्षत्रिय लाकडाची नौका सुखसंपत्ती देते आणि दोन वर्णांचं लाकूड एकत्र केलं तर नौका टिकत नाही, असं त्यात सांगितलंय. लाकडाला जात चिकटवण्याची ही हौस मला मुळीच पटत नाही. पण शेवटच्या वाक्याकडे सुतार म्हणून बघा. दोन वेगळ्या जातीची लाकडं पाण्यात सारखी फुगत नाहीत. शेजारशेजारच्या फळ्या फणस आणि आंबा अशा मिसळल्यात तर पहिल्याच पावसाळ्यानंतर सांधे उघडतील. कण्याला ऐन आणि अंगाला सगळा फणस, हे चालतं. आपल्याकडचे मेस्त पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आलेत. एका अंगाच्या फळ्यांत मात्र भेसळ नको.

त्याच ग्रंथात समुद्रावरच्या नौकेत लोखंड वापरू नका असंही आहे, कारण पाण्यातले चुंबकी खडक खिळे ओढून घेतात! ही कथा अरब आणि युरोपी खलाशांतही होती. हिंदी महासागरातली जहाजं खिळे न मारता दोरीने शिवतात याचं कारण लोकांनी असं लावलं. खरं कारण साधं आहे. काथ्याने शिवलेलं अंग लाटेबरोबर थोडं वाकतं आणि गंजायला त्यात काही नसतं. अजिंठ्याच्या चित्रावरून बेतलेली 'कौंडिण्य' ही शिडाची नौका अशीच शिवून आपल्या दिवाडी बेटावर झाली, केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखाली. २१ मे २०२५ ला कारवारला ती नौदलात दाखल झाली. तुमच्या सोळा फुटीला शिवण्याचा खटाटोप नको. तांब्याचे खिळे घ्या, जमत नसेल तर जस्त चढवलेले. उघडं लोखंड नको एवढंच.

आता मामा. लाकूड खाणारा भुंगा लाकडातल्या पिठुळ अंशावर जगतो, हे खरं. पण तो अंश चंद्राच्या कलेपेक्षा ऋतूबरोबर जास्त कमी-अधिक होतो. म्हणजे पक्षापेक्षा महिना महत्त्वाचा. माघ-फाल्गुनात, कोरड्या दिवसांत तोडलेलं लाकूड उत्तम. तुमचा फणस जूनमध्ये पडला, रसाने भरलेला, आणि वर पाऊस. हा खरा त्रास आहे. तो असाच अंगणात पडून राहिला तर गणपतीपर्यंत बुरशीने निळा पडेल. एक तर लगेच गिरणीवर नेऊन दीड इंची फळ्या काढा, किंवा ओंडका पूर्ण पाण्यात बुडवून ठेवा. पाण्याखाली हवा नाही, म्हणून बुरशी नाही. गोड्या तळ्यात बुडवलात तर उत्तम. नदीत बुडवणार असाल तर पाऊस आहे तोवरच. पुराच्या गोड्या पाण्यात टेरेडो, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा, तग धरत नाही. ऑक्टोबरनंतर खार चढायला लागला की तो किडा, खरं तर शिंपल्याचाच भाऊबंद, ओंडक्याची चाळण करतो. १५०३ साली कोलंबसची जहाजं याच किड्याने पोखरली आणि तो वर्षभर जमैकात अडकून पडला.

फळ्या काढल्यावर मध्ये पट्ट्या घालून, सावलीत, वारा खेळेल अशा रचा. जाडीच्या दर इंचाला साधारण वर्ष लागतं. पुढच्या नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात, हा बेत तेवढा सोडून द्या.

एक समजूत माणसांबद्दलचीही सांगतो. देवचाराचं, म्हणजे गावच्या राखणदाराचं झाड, देवराईतलं झाड, वड-पिंपळ होडीला तोडत नाहीत. वड-पिंपळाचं लाकूड होडीला फारसं कामाचं नाही, तिथे सोडण्यासारखं काही नाही. पण देवराईत उत्तम ऐन आणि नाणा (हेही इमारती लाकडाचं झाड) असतो आणि तरी कोणी हात लावत नाही. ती गावाने मिळून केलेली मनाई आहे. तुम्ही देवचार मानत नसलात तरी ती पाळा. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी सागवान परवानगीने तोडा म्हटलंय, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू देऊ नका, त्यांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं बजावलंय. तुमचा फणस घरचा आणि आपणहून पडलेला. तो दोष तुम्हाला नाही. तरी वनखात्यात एकदा विचारून घ्या, देवचारापेक्षा वाटेतला नाका कडक असतो.

आणि होडीत ठेवायच्या नाण्याचं. तुम्ही विचारलं नव्हतं, पण मेस्त मागणारच. लंडनला ब्लॅकफ्रायर्सपाशी सापडलेल्या रोमन जहाजात डोलकाठीच्या खाचेत नाणं होतं. मुंबईच्या वाडियांनी १८१७ साली पाण्यात सोडलेल्या 'ट्रिंकोमाली'च्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. मलबारच्या सागवानाचं ते जहाज अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. दमणला १८४३ मध्ये झालेल्या 'दों फेर्नांदु दुसरा ई ग्लोरिया' या पोर्तुगीज फ्रिगेटीचं, म्हणजे शिडाच्या युद्धनौकेचं, अर्धं नाव राजाचं आणि अर्धं ग्लोरियाचं, गोंयकारांच्या भक्तीतल्या सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं. १९६३ मध्ये ती जळाली, कित्येक वर्षं लिस्बनजवळच्या चिखलात पडून होती, आणि उरलेल्या सांगाड्यावरून पुन्हा उभी केली. नाव कोणाचंही असो, सांगाडा नगर हवेलीच्या सागाचा होता. मी स्वतः प्रत्येक होडीत नाणं ठेवतो. माझा मेस्त नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, आतून खुरीस (क्रूस) कोरतो, मी वर हळद-कुंकू लावतो, कोणाचं काही अडत नाही. फक्त नाणं जुनं तांब्याचं ठेवा. हल्लीचा रुपया पोलादाचा, घट्ट ओल्या सांध्यात तो गंज धरतो.

खोडाच्या दोन्ही तोंडांना आजच जाड ऑइलपेंट फासा, घरात असेल तो रंग चालेल. पाऊस उघडला की दोन दिवसांत चिरा पडायला लागतील.