मधुमेहामुळे तळपायांची आग होते, गांजाचं तेल द्यावं का?

तुमच्या बाबांना पंधरा वर्षं मधुमेह आहे, रात्री तळपाय पेटल्यासारखे होतात, आणि ओळखीतलं कुणी गोव्याहून गांजाचं तेल आणून देतो म्हणतंय. द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. त्या बाटलीतलं देऊ नका. मी हे इतकं ठाम का सांगतो, ते ऐका.

देवगडात माझं औषधांचं दुकान आहे आणि माझ्या आईला हेच दुखणं आहे, मधुमेहाने नसा बिघडून होणारी नसदुखी. "पायात इंगळे भरल्यासारख्या वाटता रे," म्हणत ती रात्र रात्र पडवीत गार फरशीवर पाय टेकवून बसायची. पांघरुणाचा स्पर्शही सोसत नसे. दोन वर्षांपूर्वी एका नातेवाइकाने अशीच बिनलेबलची बाटली आणली. तिचे हाल बघवत नव्हते, म्हणून मी नाही म्हटलं नाही. पहिल्या दोन रात्री ती झोपली. तिसऱ्या रात्री न्हाणीकडे जाताना भोवळ येऊन पडली आणि मनगट मोडलं. ती प्रीगॅबलिन ही नसदुखीची गोळी आधीपासून घेत होती. गुंगी त्यानेही येते आणि गांजानेही. त्यात जुन्या मधुमेहात उठून उभं राहिल्यावर रक्तदाब उतरू शकतो. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी ते थेंब तिच्या जिभेवर घातले. अजून ते मनातून जात नाही.

गांजाने दुखणं कमी होतं, ही नुसती अफवा नाही. २०१५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत मधुमेही नसदुखीच्या १६ रुग्णांना गांजाची वाफ दिली. मात्रा जास्त तसा आराम जास्त, पण मोजणी डोसनंतरच्या काही तासांचीच होती, आणि मोठ्या मात्रेवर डोकं नीट चालत नव्हतं. २०१० मध्ये शेफील्डला ३० रुग्णांवर गांजापासून बनवलेला तोंडात मारायचा फवारा तपासला, तर औषध नसलेल्या फवाऱ्यापेक्षा तो सरस ठरला नाही. २०१८ मध्ये कॉक्रेन या औषधांचे अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने सगळ्या प्रकारच्या जुनाट नसदुखीवरचे १६ अभ्यास, मिळून १,७५० माणसं, एकत्र पाहिली. फायदा झालाच तर त्याहून त्रास जास्त असू शकतो, असा त्यांचा कौल. आणि या अभ्यासांत मात्रा मोजलेली होती. तुमच्या बाटलीत किती काय आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसणार.

कायद्याचंही बघा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, आणि तो बाळगणं गुन्हा आहे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. आयुर्वेदात 'विजया', म्हणजे भांगेची, परवान्याची औषधं आहेत, ती वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. तिकडे जायचंच असेल तर बाबांच्या सगळ्या गोळ्या वैद्यांना दाखवून जा.

पण त्याआधी एक विचारतो. बाबा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी किती वर्षं घेतायत? ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि त्याच्या कमतरतेनेही हुबेहूब अशाच मुंग्या आणि जळजळ होते. आईचं ते तपासलंच नव्हतं. तपासलं, तर फार कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. शिवाय डॉक्टरांनी मूत्रपिंडाचे रिपोर्ट बघून प्रीगॅबलिनची मात्रा बदलली आणि ड्युलॉक्सेटिन हे नसदुखीचं दुसरं औषध जोडलं. पूर्ण आराम नाही, पण आता ती रात्री चार-पाच तास सलग झोपते. माझ्या दुकानात बरेच जण आठवड्यात 'लागू पडत नाही' म्हणून ही औषधं सोडतात. ती हळूहळू वाढवावी लागतात, मध्येच एकदम तोडायची नसतात. २०२२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन आणि प्रीगॅबलिन तिन्ही साधारण सारखीच उपयोगी ठरली. एक सोसली नाही तर दुसरी बघता येते.

मला तुमच्या बाबांच्या आगीपेक्षा बधिरपणाची जास्त भीती वाटते. जळणारे पाय कालांतराने बधिर होऊ शकतात, आणि आपल्याकडे अनवाणी खळ्यात, चिखलात, कातळावर जायची सवय. आमच्या वाडीतल्या एका आजोबांच्या पायात काटा आठ दिवस होता, त्यांना कळलाच नाही. शेवटी दोन बोटं गेली. बाबांचे तळवे रोज संध्याकाळी उजेडात स्वतः बघा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. घरातही चप्पल घालू द्या. पाय शेकायला गरम पाणी देऊ नका, चटका बसलेला त्यांना कळणार नाही.

उद्या बी-१२ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करून घ्या. रिपोर्ट आले की इथे आकडे टाका, डॉक्टरांना काय काय विचारायचं ते मी लिहून देतो.