सीटी स्कॅन नॉर्मल असूनही डोक्याला मार लागलेल्या माणसाचा स्वभाव बदलतो का?

आपण विचारले आहे की, दुचाकीवरून पडलेल्या वडिलांचा सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरी दोन महिन्यांपासून ते कमालीचे चिडके झाले आहेत; हे मेंदूचे आहे की मनाचे, आणि किती दिवसांत बरे होईल? हाच प्रश्न आमच्या घरात वर्षभर भांडणाचा विषय होता, म्हणून लिहीत आहे.

माझा थोरला भाऊ नाशिकला पंचवटीतील मार्केट यार्डात एका आडत्याकडे हिशेब लिहितो. दिंडोरी रोडवर कुत्रे आडवे आले, तो मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. हेल्मेट घरी खुंटीला होते. काही मिनिटे शुद्ध हरपली, परंतु स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी घरी सोडले. पंधरा दिवसांनी तो कामावर गेला, तेव्हा एक हिशेबपट्टी पुरी करताना तीनतीनदा चुकू लागला, आणि जो कधी हमालालाही उलट शब्द बोलला नव्हता, तो वहिनींवर क्षुल्लक कारणावरून ओरडू लागला. आमच्या काकांनी निकाल देऊन टाकला : "रिपोर्ट नॉर्मल आहे. याला काम नको, बाकी काही नाही." एका रविवारी मिसळ आणली, तर दादा म्हणाला, "नुसते तिखट लागते, चव लागत नाही." काकांनी तेही नखऱ्यात जमा केले, आणि आम्ही कोणीच त्यांना अडवले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

चार महिन्यांनी न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी दादाला डोळे मिटायला सांगून एक नाकपुडी बंद केली आणि दुसरीखाली कॉफीची पूड धरली. त्याला काहीच कळले नाही. दुसऱ्या नाकपुडीलाही नाही, लवंगेचाही वास नाही. वासाचे अत्यंत नाजूक तंतू नाकाच्या छताशी असलेल्या चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून मेंदूकडे जातात. डोके मागून आपटले की आतला मऊ मेंदू हिसका बसून पुढे-मागे होतो आणि हे तंतू तुटू शकतात. त्या हाडाच्या अगदी वर मेंदूच्या पुढच्या भागाचा तळ टेकलेला असतो, आणि राग आवरणे, काय बोलावे व काय गिळावे हे ठरवणे यात त्याच भागाचा मोठा वाटा असतो. एकाच माराने वास आणि संयम दोन्ही दुखावले गेले होते. तिखटाची आग मात्र चेहऱ्याच्या वेगळ्या चेतेमार्फत जाते, म्हणून मिसळ झोंबत होती आणि तिचा स्वाद हरवला होता. दादा अक्षरशः खरे बोलत होता.

नॉर्मल स्कॅनचा अर्थ इतकाच की, हाड मोडलेले नाही आणि रक्ताची मोठी गुठळी नाही. चेतापेशीचा तंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका बारीक असू शकतो. तो ताणला गेल्याचे सीटीत दिसत नाही. १८४८ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात फिनिअस गेज या रेल्वे कामगाराच्या मेंदूच्या पुढच्या भागातून लोखंडी कांब आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला, परंतु मित्रांना तो पूर्वीचा गेज वाटेना. त्याची जखम सर्वांना दिसत होती. आमच्या दादाची दिसत नव्हती, एवढाच फरक. मेंदूचे आणि मनाचे असे दोन कप्पे करणेच मला चुकीचे वाटते.

किती दिवस लागतील, याचे एक उत्तर नाही. सौम्य मारानंतर बहुतेकांना काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत बरे वाटते. दादाला वर्ष लागले, आणि वास अजूनही अर्धवटच आहे. त्या काळात झोप पुरी होऊ द्या, गोंगाट टाळा, दारू पूर्ण बंद ठेवा, आणि 'मनावर घेतले तर होईल' असे सांगणाऱ्या नातेवाइकांना, ते कितीही वडीलधारे असोत, स्पष्टपणे थांबवा. काकांनी आपला शब्द अजून मागे घेतलेला नाही.

मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येक चिडचिड माराचीच असते असेही नाही. नैराश्य, थायरॉइड, साखर यांचीही तपासणी करावी. उतारवयात, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास, मारानंतर कित्येक आठवड्यांनीही कवटीखाली हळूहळू रक्त साचू शकते. त्यामुळे डोकेदुखी वाढत असेल, गुंगी येत असेल, उलट्या होत असतील किंवा एका बाजूचा हातपाय जड वाटत असेल, तर पहिल्या स्कॅनवर विसंबून न राहता त्याच दिवशी पुन्हा दाखवा. यातले काही नसल्यास, डॉक्टरकडे जाण्याआधी वडिलांचे डोळे मिटवून एकेका नाकपुडीखाली कॉफी धरून पाहा. अमोनियासारखे झोंबणारे काही वापरू नका. त्याची झोंब वासाशिवायही कळते आणि आपली फसगत होईल.